सेव्हिया ते सालामांका पायी: वसंतातल्या व्हिया दे ला प्लाताची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

व्हिया दे ला प्लाता या स्पेनमधल्या पायी यात्रेच्या वाटेबद्दल विचारणारी बहुतेक मराठी मंडळी सह्याद्रीत घडलेली असतात, आणि गडबड नेमकी तिथूनच सुरू होते. गड चढायला जी ताकद लागते ती या वाटेवर फारशी उपयोगी पडत नाही. इथे चढ थोडे आणि माळ लांब. पाठीवर ओझं घेऊन दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालायचं, मध्ये कित्येकदा ना गाव ना पाणी, आणि उद्या, परवा, तेरवा पुन्हा तेच. या वाटेवर माणूस चढाला हरत नाही. तो चौथ्या-पाचव्या दिवशी सपाटीवर, तळपायाच्या फोडांपुढे हरतो. खालचा सगळा क्रम ते टाळण्यासाठी आहे.

दक्षिण स्पेनमधल्या सेव्हियापासून सांतियागो या तीर्थक्षेत्रापर्यंत ही वाट सुमारे हजार किलोमीटरची आहे. हा लेख तिच्या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागापुरता आहे: सेव्हिया, साफ्रा, मेरिदा, कासेरेस, सालामांका. अंतर सुमारे ४९० किमी. विश्रांतीचे दिवस धरून साधारण चार आठवडे हाताशी ठेवा. रजा दोनच आठवड्यांची असेल तर सेव्हिया ते मेरिदा हा सुमारे २१५ किमीचा तुकडा करा आणि तो नीट करा. एवढ्या दिवसांत कासेरेस गाठायची घाई करू नका.

## १. आधी तारखा, मग तिकीट

स्वस्त तिकीट दिसलं म्हणून तारीख ठरवणं, ही पहिली चूक. या वाटेवर वसंताची खिडकी अरुंद आहे. मार्चच्या पूर्वार्धात ओढे भरलेले असतात आणि उत्तरेकडे बोचरी थंडी असते. मेच्या उत्तरार्धात सेव्हियाच्या आसपास पारा पस्तिशीच्या वर जाऊ शकतो. सेव्हियातून निघायला मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य हा काळ सगळ्यात बरा. तुम्ही उत्तरेला सरकता तसा वसंतही तुमच्याबरोबर सरकतो आणि सालामांका भागात पोचेपर्यंत तिथली थंडी ओसरलेली असते.

दोन सणांवर नजर ठेवा. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात सेव्हियात खोली मिळणं कठीण, आणि मिळाली तरी भाव ऐकून माणूस परत फिरेल. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी एप्रिलची मोठी जत्रा भरते आणि पुन्हा तीच गत होते. या दोन्हींच्या मधल्या दिवसांत निघा. शिवाय २५ जुलै रविवारी येत असल्याने २०२७ हे सांतियागोचं पवित्र वर्ष आहे. त्याची खरी गर्दी सांतियागोच्या जवळ होते, पण दक्षिणेतल्या छोट्या गावांत मुळातच दहा-वीस खाटा असतात, तेव्हा थोडी माणसं वाढली तरी फरक पडतो.

तपासा: निघायची तारीख, विश्रांतीचे किमान तीन दिवस आणि परतीच्या विमानाआधीचे दोन मोकळे दिवस कागदावर मांडा. मोकळे दिवस मावत नसतील तर अंतर कमी करा.

## २. पाय: बारा आठवडे आधीपासून

दर रविवारी सिंहगड करतो म्हणजे तयारी झाली, असं समजू नका. चढताना पायावर येणारा भार आणि सहा तास सपाट चालताना टाचेवर, चवड्यावर त्याच जागी पुन्हा पुन्हा येणारा भार यांत पुष्कळ फरक आहे. ज्यांनी आळंदी-पंढरपूर वारी पूर्ण चालून केली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. पण वारीत सामान दिंडीच्या ट्रकमधून पुढे जातं, इथे ते आपल्याच पाठीवर असतं.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून चार दिवस, आठ ते दहा किलोमीटर, बिनओझ्याचे.

पाचवा ते आठवा आठवडा: शनिवारी अठरा आणि रविवारी पंधरा किलोमीटर, पाठीवर चार किलो. दोन दिवस लागोपाठ हवेत. एक शनिवार सोडून पुढचा, असं नाही.

नववा ते अकरावा आठवडा: यात एकदा तरी सलग तीन दिवस वीस-वीस किलोमीटर, पूर्ण ओझ्यासह, तेच बूट आणि तेच मोजे घालून. तिसऱ्या दिवशी सकाळी उठताना टाच किंवा घोटा काय सांगतो ते ऐका. ती तुमची खरी परीक्षा.

बारावा आठवडा: आराम आणि हलकं फिरणं.

सराव निम्मा डांबरावर आणि निम्मा कच्च्या रस्त्यावर करा. कालव्याकाठचा रस्ता, शेताच्या बांधाकडेची बैलगाडीची वाट उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे दुपारी ऊन तापलेलं असतं. अधूनमधून मुद्दाम अकराच्या उन्हात चाला. हा सराव स्पेनमध्ये एप्रिलअखेरीस उपयोगी पडतो आणि थंड देशांतून येणाऱ्या वाटसरूंकडे तो नसतो.

बुटांबद्दल वाद बरेच आहेत. माझं मत स्पष्ट आहे: घोट्यापर्यंतचे जड ट्रेकिंग बूट इथे नकोत. हलके, हवा खेळणारे ट्रेल रनिंगचे बूट घ्या, नेहमीपेक्षा अर्ध्या ते एका मापाने मोठे, कारण दिवसभर चालून पाय सुजतो. दुकानात संध्याकाळी जा आणि जाड मोजे घालून बघा. विमानात बसण्याआधी त्या बुटांनी किमान दीडशे किलोमीटर केलेले असावेत.

सावध: नवे बूट मुक्कामाला पोचून घालू म्हणून डब्यात ठेवणारे लोक असतात. तिसऱ्या दिवशी ते औषधाच्या दुकानात भेटतात.

## ३. व्हिसाची कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, क्वचित पंचेचाळीसपर्यंतही जातात. आपल्याकडे एप्रिल-मे हा उन्हाळी सुट्टीचा काळ, त्यामुळे भेटीच्या वेळा मार्चमध्ये मिळतच नाहीत. जानेवारीतच हालचाल करा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, केंद्राचा सेवाआकार वेगळा.

अर्ज अडतो तो बहुधा मुक्कामाच्या पुराव्यावर. 'आम्ही यात्रेकरू, जिथे जागा मिळेल तिथे राहू' हे मनात खरं असलं तरी खिडकीपलीकडच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. पुढच्या क्रमाने जा:

१. दिवसवार तक्ता करा: तारीख, कुठून, कुठे, किलोमीटर, मुक्काम.
२. प्रत्येक रात्रीसाठी रद्द करता येईल असं खरं बुकिंग करा. ज्या खेड्यात ऑनलाइन बुकिंग होत नाही तिथल्या खासगी वाटसरू-निवासाला ईमेल करून होकार मागवा. पुष्कळ ठिकाणी व्हॉट्सॲपवरही उत्तर येतं.
३. सोबतच्या पत्रात दोन परिच्छेदांत सांगा की ही पायी यात्रा आहे, मार्ग कोणता, परत केव्हा.
४. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, पूर्ण मुक्काम आणि पूर्ण शेंगेन क्षेत्र धरणारा. त्यात 'ट्रेकिंग' वगळलेलं नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचा.
५. विम्याच्या तारखा तिकिटापेक्षा दोन-तीन दिवस पुढे ठेवा.

सावध: एजंट 'डमी बुकिंग' करून देतो म्हणाला तर नको म्हणा. फोन करून खातरजमा होऊ शकते, आणि एकदा नकार लागला की तो नोंदीत राहतो.

## ४. सॅक: सहा किलो, पाणी सोडून

शरीराच्या वजनाच्या दहा टक्के ही सर्वसाधारण मर्यादा. आपल्याकडच्या साठ किलोच्या माणसाला सहा किलो. दोन-तीन लिटर पाणी त्यावर चढतंच, कारण इथे तेवढं न्यावं लागतं.

घ्या: अंगावरचा धरून कपड्यांचे दोन जोड, मोज्यांचे तीन जोड (मेरिनो लोकरीचे, सुती नाहीत), पातळ लोकरी जॅकेट, पाऊस अडवणारं जॅकेट किंवा सॅकसकट झाकणारा पाँचो, रुंद काठाची टोपी, हलकी स्लीपिंग बॅग, संध्याकाळसाठी चपला, कानात घालायचे बोळे, लहान हेडटॉर्च, टोकदार चिमटा, व्हॅसलीन, सुई, जंतुनाशक, कपडे वाळवायला चार-सहा मोठ्या सेफ्टी पिना.

घरी ठेवा: जीन्स, जाड टॉवेल, दुसरं पुस्तक, 'असू दे' म्हणून घेतलेली प्रत्येक गोष्ट. एप्रिलमध्ये बेहारच्या डोंगराळ भागात रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो, म्हणून लोकरी जॅकेट मात्र काढू नका. सेव्हियातल्या उन्हात ते मूर्खपणाचं वाटेल, तरीही.

आईने दिलेल्या डब्याबद्दल: बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, तुपातले लाडू सगळे गेले. शेंगदाण्याची आणि तिळाची चिक्की, कोरडी चटणी, मेतकूट चालतं. चिक्कीचा उपयोग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त होईल.

तपासा: भरलेली सॅक घेऊन वजनकाट्यावर उभे राहा. आकडा जास्त आला तर प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारा, 'ही तिथल्या दुकानात मिळते का?' साबण, टूथपेस्ट, औषधी पट्ट्या सगळं मिळतं.

## ५. सेव्हियात उतरल्यावर, चालण्याआधी

मुंबईहून बहुतेक जण आखाती शहरातून माद्रिदला येतात. माद्रिदच्या आतोचा स्थानकातून वेगवान गाडीने सेव्हिया अडीच तासांवर आहे. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी चालायला लागू नका. एक पूर्ण दिवस द्या आणि त्यात ही कामं उरका.

क्रेदेन्सियाल घ्या. हा यात्रेकरूचा शिक्क्यांचा पास. तो नसेल तर नगरपालिकेच्या आल्बेर्गेत, म्हणजे वाटसरूंच्या सामायिक निवासात, खाट मिळत नाही. सेव्हियात कामिनोच्या (म्हणजे सांतियागोच्या पायी यात्रेच्या) मित्रमंडळात तो मिळतो, पण कार्यालय ठरावीक वेळीच उघडतं, तेव्हा वेळ आधी बघून जा. रोज मुक्कामी एक शिक्का घ्या.

रोख काढा. खेड्यातल्या खाणावळीत आणि आल्बेर्गेत कार्ड चालेलच असं नाही, आणि यूपीआयची सवय तिथे विसरा. एटीएमचा पडदा 'रुपयांत हिशेब करू का' असं विचारतो. तिथे नेहमी युरो निवडा, नाहीतर विनिमयदरात कात्री लागते. दीडशे-दोनशे युरो खिशात असले की पुरे. पुढच्या मोठ्या गावात पुन्हा काढता येतात.

स्थानिक सिम घ्या. या वाटेवर 'आज जागा आहे का' हे विचारण्यासाठी फोन लागतो. आपत्कालीन क्रमांक ११२ पाठ असू द्या. नकाशा आणि वाटेचा माग फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण माळावर रेंज जाते.

## ६. पहिले पाच दिवस: मुद्दाम हळू

या भागावर मी जास्त थांबणार आहे, कारण पुढचे तीन आठवडे इथे ठरतात.

पहिला दिवस, सेव्हिया ते गियेना, सुमारे २२ किमी. ग्वादालक्विविर नदी ओलांडून सान्तिपोन्से आणि पुढे सरळ शेतं. पावसानंतर या टप्प्यात एक ओढा आडवा येतो. पाणी गुडघ्याच्या वर दिसलं तर बूट काढून उतरायचा पराक्रम नको. मागे फिरून डांबरी रस्त्याने जा.

दुसरा, गियेना ते कास्तिलब्लांको, सुमारे १८ किमी. हलका चढ, ऑलिव्ह आणि संत्र्याच्या बागा, मग ओकाचं रान. दिवस लहान आहे, पोचाल तेव्हा दुपार उरलेली असेल. पुढे जाऊ नका. अंगात जोर आहे म्हणून इथे टप्पा वाढवणारे लोक चौथ्या दिवशी लंगडताना दिसतात.

तिसरा, कास्तिलब्लांको ते आल्मादेन दे ला प्लाता, सुमारे २९ किमी. दक्षिणेतला पहिला अवघड दिवस. सुरुवातीचे सोळाएक किलोमीटर डांबरी रस्त्याच्या कडेने, मग एल बेर्रोकाल या संरक्षित रानाचं फाटक, आणि शेवटी थकल्यावर काल्वारियोचा खडा चढ. सह्याद्रीकर त्या चढाला हसतील, पण तो सत्ताविसाव्या किलोमीटरला येतो. तीन लिटर पाणी इथे हवंच. मध्ये दुकान नाही, खाणावळ नाही. डांबराचा भाग टॅक्सीने रानाच्या फाटकापर्यंत करणारे पुष्कळ आहेत, चार जणांत खर्च वाटला जातो. शुद्धतावाद्यांना ते खटकतं. टाचेला फोड आला असेल तर मी टॅक्सी घ्यायला सांगेन.

चौथा, आल्मादेन ते एल रेआल दे ला हारा, जेमतेम १४ किमी. हा दिवस कालच्या दिवसाचा उतारा आहे. तो तसाच लहान ठेवा.

पाचवा, एल रेआल ते मोनेस्तेरिओ, सुमारे २० किमी. गाव सोडल्यावर थोड्याच वेळात पडक्या गढीजवळ ओढा लागतो, तिथे आंदालुसिया संपून एक्स्त्रेमादुरा सुरू होतो. शेवटी चढ.

फोडांचा नियम: पायात कुठेही गरम वाटलं की लगेच थांबा. 'पुढच्या झाडाखाली' नाही, लगेच. बूट-मोजे काढा, पाय वाळवा, पट्टी लावा. दर दोन तासांनी थांबून मोजे बदला, ओले मोजे सॅकला पिनेने अडकवा. सकाळी बोटांच्या मधे आणि टाचेला व्हॅसलीन लावा. फोड आलाच तर हिरव्या क्रॉसच्या पाटीचं औषधाचं दुकान गाठा. जेलच्या जाड पट्ट्या न फुटलेल्या फोडावर लावतात आणि त्या आपोआप सुटेपर्यंत ओढायच्या नाहीत. फुटलेल्या किंवा पू झालेल्या फोडावर त्या लावू नका.

तपासा: मोनेस्तेरिओत संध्याकाळी तीन प्रश्न. उतरताना गुडघा दुखतो का? फोड फुटलाय का? रात्री झोप लागते का? कशाचंही उत्तर वाईट असेल तर इथे किंवा साफ्रात एक दिवस थांबा.

## ७. दिवसाचा क्रम

स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे चालतं. एप्रिलच्या सुरुवातीला सेव्हियाकडे आठच्या सुमाराला उजाडतं, सूर्य डोक्यावर येतो तो अडीचच्या सुमाराला, आणि उन्हाचा खरा तडाखा चार ते सहामध्ये बसतो. आपण 'बारा वाजले, आता ऊन उतरेल' या हिशेबाने चालत राहतो आणि फसतो. एक-दीडच्या आत मुक्कामी पोचायचं. म्हणजे फटफटताच निघायचं.

सॅक आदल्या रात्री भरून ठेवा. पहाटे सामायिक खोलीत प्लास्टिकच्या पिशव्या कुरकुरवणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो.

पोचल्यावरचा क्रमही ठरलेला असावा. खाट घ्या, गादीच्या शिवणी ढेकणांसाठी बघा, अंघोळ करा, लगेच कपडे धुऊन उन्हात टाका, पाय तपासा, आणि मग जेवायला जा. कपडे जेवणानंतरवर ढकलले की ते रात्रभर ओले राहतात. त्याच संध्याकाळी उद्याच्या मुक्कामाला फोन करा. लहान गावात आल्बेर्गेची किल्ली बऱ्याचदा खाणावळीत किंवा नगरपालिकेत असते. सार्वजनिक आल्बेर्गेत बहुतेक ठिकाणी आठ ते पंधरा युरो लागतात, खासगीत त्याहून जास्त. दिवे साधारण दहाला बंद.

## ८. खुणा, फाटकं, गुरं आणि चिखल

पिवळा बाण म्हणजे वाट, हे सगळ्यांना माहीत असतं. एक्स्त्रेमादुरात मात्र ग्रॅनाइटचे चौकोनी ठोकळे लागतात, त्यांवर रंगीत फरशा असतात. पिवळा रंग चालायच्या वाटेचा, हिरवा जुन्या रोमन रस्त्याचा. दोन्ही रंग असतील तर दोन्ही एकत्र जातात. नुसत्या हिरव्यामागे गेलात तर काटेरी तारेपाशी किंवा पाण्यात संपणाऱ्या वाटेवर पोचाल. ही चूक फार होते. पंधरा मिनिटांत एकही पिवळी खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. तिरकस जाऊन वाट गाठायचा मोह आवरा.

ओकाच्या या चराऊ रानांना देहेसा म्हणतात. त्यांत काळी डुकरं, मेंढ्या, गुरं मोकळी असतात आणि वाट खासगी जमिनीतून फाटकं ओलांडत जाते. फाटक जसं होतं तसंच ठेवा, बंद असेल तर पुन्हा बंद करा. वासराजवळच्या गाईला लांबून वळसा घाला. झुंजीचे बैल कुंपणापलीकडे असतात. फोटोसाठी कुंपण चढू नका. मेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठी राखणदार कुत्री असतात. कळपाच्या मधून जायचं नाही, पळायचं नाही, काठी खाली धरून शांतपणे बाजूने निघायचं.

वसंतात गवत गुडघाभर वाढतं आणि त्यात गोचीड असतात. संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे बघा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडी, चटका यांतलं काही करू नका. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला गोचिडीचं आवर्जून सांगा. पाइनच्या झाडाखाली एकामागोमाग रांगेने चालणाऱ्या केसाळ अळ्या दिसतील. त्यांच्या केसांनी अंगावर जोरदार आग-खाज उठते, हात लावू नका.

व्हियाफ्रांका ते तोर्रेमेहिया हे सुमारे २७ किमी पावसानंतर वेगळंच संकट होतं. द्राक्षमळ्यांतून सरळसोट लाल चिकणमाती, सावली नाही, मध्ये गाव नाही, आणि प्रत्येक बुटाला किलोभर चिखल. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर एक दिवस थांबा. मध्येच सोडावं लागलं तर पश्चिमेला आल्मेन्द्रालेहो हे मोठं गाव आहे, तिथे रेल्वे स्थानक आहे.

## ९. शाकाहारी पोट

मोनेस्तेरिओत हॅमचं संग्रहालय आहे, यावरून मुलूख ओळखा. 'मांस नको' एवढंच सांगितलं तर ताटात ट्यूना मासा किंवा हॅमचे तुकडे येतात. त्यांच्या लेखी ते 'मांस' नसतं. पूर्ण वाक्य पाठ करा: 'सोय बेखेतारियानो, नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन.' बाईमाणसाने 'बेखेतारियाना' म्हणायचं.

फसवणारे पदार्थ: मिश्र सॅलड (ट्यूना), साल्मोरेहो हे टोमॅटोचं थंड सूप (वरून हॅम), लसणाचं सूप (कित्येकदा हॅम), मसूर (चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज). चालणारे: टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलाचा टोस्ट, पालक-चणे, भाज्यांचा पिस्तो. अंडं चालत असेल तर बटाट्याचा जाड ऑम्लेट आणि वसंतात रानशतावरीच्या कोवळ्या कोंबांची बुर्जी, ती सोडू नका. कासार दे कासेरेसचं मऊ 'तोर्ता' चीज मेंढीच्या दुधाचं असतं आणि काटेरी फुलाने विरजलेलं, प्राण्याच्या रेनेटने (जठरातल्या विरजणाने) नाही. रेनेटमुळे चीज टाळणाऱ्यांनी इथे मनसोक्त खावं.

वेळा पाळा. जेवण दोन ते चार, रात्रीचं साडेआठनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. दुकानं दोन ते पाच बंद आणि रविवारी खेड्यात बहुतेक बंदच.

सावध: शनिवारी दुपारच्या आत रविवार आणि सोमवार सकाळचं खाणं घेऊन ठेवा.

## १०. मेरिदाच्या पुढचे लांब टप्पे

मेरिदात एक दिवस विश्रांती घ्या. सेव्हियापासून पाय सावरायला हीच योग्य जागा. इथून पुढे गावांमधलं अंतर वाढतं, आणि तीन ठिकाणी आदल्या दिवशीच निर्णय करावा लागतो.

कासार दे कासेरेस ते कान्याव्हेराल, सुमारे ३३ किमी. मध्ये आल्कान्तारा जलाशय. काठावरचं आल्बेर्गे कधी चालू, कधी बंद असतं. चालू आहे असं फोनवर स्वतः ऐकल्याशिवाय त्याच्या भरवशावर निघू नका.

कार्काबोसो ते आल्देआनुएव्हा देल कामिनो, सुमारे ३८ किमी, वाटेवर एकही गाव नाही. अर्ध्यावर कापाराची रोमन कमान. पर्याय दोन: वाट सोडून ओलिव्हा दे प्लासेन्सियात मुक्काम करायचा, किंवा कमानीपासून गाडीने नेऊन दुसऱ्या दिवशी तिथेच आणून सोडणारं निवास आधी ठरवायचं. अडतीस किलोमीटर एका दिवसात करणारे असतात. तुम्ही पहिल्यांदा जात असाल तर करू नका.

फुएन्तेरोब्ले ते सान पेद्रो दे रोसादोस, सुमारे २८ किमी. पवनचक्क्यांच्या रांगेतून दुएन्याच्या माथ्यावर, सुमारे ११५० मीटर. वारा आणि धुकं असेल तर लोकरी जॅकेट सॅकच्या वर ठेवा. समोरचं दिसेनासं झालं तर माथ्यावर जायच्या हट्टाऐवजी डांबरी रस्ता धरा.

या तिन्ही दिवशी निघताना पाणी तीन लिटर, खाणं दोन वेळचं, फोन पूर्ण चार्ज, आणि पुढच्या मुक्कामी 'आम्ही येतोय' हे कळवलेलं.

## ११. सोडायचं कधी, परतायचं कसं

संपूर्ण मार्ग जुन्या एन-६३० रस्त्याच्या आणि महामार्गाच्या जवळपासून जातो, म्हणून सुटका बहुतेक वेळा लांब नसते. साफ्रा, मेरिदा, कासेरेस इथे रेल्वे स्थानकं आहेत आणि मोठ्या गावांतून बस मिळते. खेड्यात असाल तर खाणावळीत टॅक्सी बोलवायला सांगा.

ताप, सुजलेली लाल पोटरी, पू झालेला फोड, किंवा चालताना वाढत जाणारी नडगीतली कळ: यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी चालणं बंद. नडगीच्या दुखण्यावर वेदनाशामक गोळी घेऊन पुढे रेटणं सगळ्यात महागात पडतं. दोन दिवसांची विश्रांती चुकवून दोन महिने घरी बसावं लागतं. टप्पा बसने ओलांडून पुढच्या गावात दोन दिवस थांबा आणि तिथून पुन्हा चालायला लागा. सालामांकापर्यंतच्या प्रवासात याला कुणी हरकत घेत नाही. यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राचा नियम सांतियागोआधीच्या शेवटच्या शंभर किलोमीटरला लागतो.

सालामांकाहून माद्रिदला रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात आणि विमानतळाकडे थेट बसही जाते. विमान सकाळचं असेल तर आदली रात्र माद्रिदलाच काढा. काठ्या विमानात चढताना चेक-इन सामानात जातात, हातातल्या सॅकमध्ये राहिल्या तर सुरक्षातपासणीत काढून घेतात.

पुढच्या वर्षी उरलेली वाट करायची असेल तर क्रेदेन्सियाल जपून ठेवा, तोच पास पुढे चालतो.